उंदीर किती थकलाय? प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची फ्रेल्टी मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेचसे प्रश्न ॲनिमल हाऊसमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींचे आहेत. काही सांख्यिकीवाल्या मित्रांचे आहेत, तर दोनतीन घरच्यांचे. "दिवसभर उंदरांच्या शेपट्या काय चाचपत बसतेस?" हा त्यातलाच. उत्तरं मुख्यतः माइसबद्दल, म्हणजे लहान पांढऱ्या-काळ्या उंदरांबद्दल आहेत. रॅटबद्दल, म्हणजे त्यांच्याहून मोठ्या जातीच्या उंदरांबद्दल, शेवटी थोडं आहे.

फ्रेल्टी म्हणजे म्हातारपणच ना?

नाही. "आजोबा आता फार थकले" असं आपण म्हणतो तेव्हा त्यांचं वय सांगत नसतो. ८२ वर्षांचे एक गृहस्थ रोज सकाळी टेकडी चढून येतात, आणि त्यांच्याहून १४ वर्षांनी लहान असलेला त्यांचा भाऊ साध्या सर्दीने पंधरा दिवस अंथरूण धरतो. वय दोघांचंही झालेलं आहे, पण थकलाय धाकटा. शरीरातली शिल्लक संपत आली की छोटा धक्काही पेलवत नाही. त्या अवस्थेला वैद्यकात फ्रेल्टी म्हणतात. मराठीत 'जराजन्य दुर्बलता' असा शब्द वाचायला मिळतो, पण तो तोंडात बसत नाही. मी 'फ्रेल्टी'च म्हणते, आणि घरी 'थकणं'.

उंदरांतही हेच दिसतं. एकाच आईची, एकाच पिंजऱ्यात एकच खाणं खाऊन वाढलेली, जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारखी असलेली दोन पिल्लं दोन वर्षांची झाल्यावर शेजारी ठेवून पाहा. एक पिंजऱ्याच्या जाळीला उलटं लटकत असतं. दुसरं कोपऱ्यात पाठीचं पोक काढून बसलेलं असतं. वय सारखं असूनही हा फरक का पडतो, हे शोधायचं तर तो आधी मोजता आला पाहिजे.

मोजायची पद्धत मुळात आली कुठून?

माणसांकडून. औषधं उंदरांवर तपासून माणसांकडे येतात. इथे प्रवास उलटा झाला, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट तीच आहे.

२००१ या एकाच वर्षी दोन वेगवेगळे विचार पुढे आले. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच खुणा ठरवल्या: नकळत घटलेलं वजन, सतत थकवा, हाताची कमजोर पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. पाचपैकी तीन किंवा जास्त असतील तर माणूस फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात अर्नॉल्ड मिट्निट्स्की आणि केनेथ रॉकवुड यांनी वेगळाच हिशेब मांडला. कुठली खूण मोठी आणि कुठली छोटी या वादात ते पडलेच नाहीत. शरीरात बिघडू शकणाऱ्या भरपूर गोष्टींची यादी करायची, त्यातल्या किती बिघडल्यात ते मोजायचं आणि यादीच्या लांबीने भागायचं. जो अपूर्णांक येतो तो फ्रेल्टी निर्देशांक: ० म्हणजे सगळं ठीक, १ म्हणजे सगळंच गेलेलं. प्रत्यक्षात १ पर्यंत कुणी पोचत नाही. माणसांत ०.७ च्या पलीकडचे आकडे क्वचितच सापडतात, कारण त्याआधीच माणूस जातो.

ऐकायला हे किराणा दुकानातल्या यादीसारखं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण मृत्यूचा धोका सांगण्यात हा आकडा नुसत्या वयापेक्षा सरस ठरतो, हे निरनिराळ्या देशांतल्या माहितीवरून पुन्हा पुन्हा दिसलंय.

मग उंदरांसाठी कुणी बसवली?

त्याच डलहौसी विद्यापीठात, सुसान हाउलेट यांच्या गटाने. २०१२ मध्ये त्यांनी उंदरांचा पहिला निर्देशांक मांडला. त्यात ३१ मोजमापं होती, पण त्यासाठी हालचाल टिपणारी यंत्रं, रक्तदाब, शरीरातली चरबी-स्नायू, रक्ततपासणी असा सगळा सरंजाम लागायचा. एकाच उंदराला दर महिन्याला अशा तपासण्यांतून काढणं शक्य नव्हतं. म्हणून २०१४ मध्ये साधी यादी आली. तिच्यातही बाबी ३१च, पण सुई नाही आणि भूलही नाही. डोळे, बोटं, एक क्लिकर (दाबला की 'टिक' असा आवाज करणारी डबी), वजनकाटा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर एवढ्यावर काम भागतं. आज 'माउस क्लिनिकल फ्रेल्टी इंडेक्स' म्हणतात तो हाच.

दुसऱ्या घराण्याचे, म्हणजे फ्रीड यांच्या पाच खुणांचे उंदरी अवतारही आहेत. त्यात पकडीची ताकद मीटरवर मोजतात, फिरत्या दांड्यावर उंदीर किती वेळ टिकतो ते बघतात, पिंजऱ्यातलं चाक तो आपणहून किती फिरवतो ते मोजतात. 'खूप थकल्यासारखं वाटतं का?' हा प्रश्न मात्र उंदराला विचारता येत नाही. त्याजागी दमछाक होईपर्यंत पळवून दम मोजतात.

३१ बाबी कोणत्या?

सगळ्यांची जंत्री देत नाही, पण गंमत अशी की अर्ध्याअधिक गोष्टी आपल्या आजी-आजोबांच्या तक्रारींतल्याच आहेत. चाई पडणं, केस पिकणं, त्वचेवर खाजेच्या जखमा, मिशा गळणं, लोकर विस्कटणं हे झालं कातडीचं. गाठी, फुगलेलं पोट, पोक, ताठरलेली शेपूट, बिघडलेली चाल, कंप, पुढच्या पायांची पकड, अंगावरचं मांस हे हाडामांसाचं. तोल जाणं आणि बहिरेपण. डोळ्यांत मोतीबिंदू, बुबुळावर फूल पडणं, चिपडं, डोळा आक्रसणं, नजर अधू होणं, समोरून काही आलं तरी पापणी न मिटणं. शिवाय वाहतं नाक. वेडेवाकडे वाढलेले दात, अंग बाहेर येणं (गुदाचं आणि जननेंद्रियाचं, या दोन वेगळ्या बाबी), जुलाब. श्वासाची गती. चेहऱ्यावर दिसणारी वेदना आणि उभे राहिलेले केस. अशा २९ बाबी होतात. त्यांत वजन आणि शरीराच्या पृष्ठभागाचं तापमान मिळवलं की ३१.

चेहऱ्यावरच्या वेदनेचं नवल वाटलं असेल. कॅनडातल्याच मॅकगिल विद्यापीठात २०१० मध्ये उंदराच्या चेहऱ्यावरची वेदना वाचायची मोजपट्टी तयार झाली. डोळे बारीक होतात, नाक आणि गाल फुगतात, कान मागे जातात, मिशांची ठेवण बदलते. एकदा बघायची सवय झाली की नंतर न दिसणं अवघड.

प्रत्यक्ष तपासणी कशी करतात?

हात बसल्यावर एका उंदराला पाच ते दहा मिनिटं लागतात. मी ज्या क्रमाने करते तो सांगते.

आधी हात लावायचा नाही. पिंजरा टेबलावर ठेवून नुसतं बघायचं. कोण कसा बसलाय, लोकर चपटी आणि चकचकीत आहे की तेलकट आणि गुठळ्या झालेली, श्वास कसा चाललाय. एकदा पकडलं की श्वासाचा काही भरवसा नाही, घाबरून वाढतोच. मग चालायला सोडून चाल बघायची: मागचे पाय फाकवतो का, डुलतो का, फरपटतो का.

मग तळहातावर घेऊन बोट मानेपासून खाली कण्यावरून फिरवायचं. तरुण उंदराचा कणा बोटाखाली सरळ होतो. म्हाताऱ्याचा बाक तसाच राहतो, दाबला तरी. ढुंगणावरच्या हाडांवर किती मांस आहे ते त्याच फेरीत कळतं. नुसतं बघून ठरवायचं नाही, कारण पिंजारलेली लोकर हाडाची काडं झालेल्या उंदरालाही गुबगुबीत दाखवते.

शेपूट ही माझी आवडती बाब. बुडाशी धरून शेपटीखालून बोट हळूच सरकवायचं. चार महिन्यांच्या उंदराची शेपूट बोटाला वेलीसारखा वेढा घालते. दीड वर्षाच्या उंदराची अर्धा वेढा घालून थांबते. अडीच वर्षांच्याची पेन्सिलीसारखी, बोट सरकत जातं आणि ती हलतही नाही. वेढा असेल तर ०, अर्धवट असेल तर ०.५, पेन्सिल झाली असेल तर १. नव्या विद्यार्थ्याच्या हातात मी पहिल्यांदा दोन शेपट्या देते, एक तरुण आणि एक म्हातारी. पुस्तकातलं अर्धं पान वाचण्यापेक्षा ते बरं.

पकडीसाठी त्याला पिंजऱ्याच्या जाळीच्या झाकणावर ठेवायचं आणि शेपटीच्या बुडाशी धरून अलगद वर उचलायचं. घट्ट धरून ठेवत असेल तर झाकणाचं वजन तुमच्या हाताला जाणवतं. नजरेसाठी त्याला हळूहळू टेबलाकडे खाली न्यायचं. दिसत असेल तर टेबल येण्याच्या बरंच आधी पुढचे पाय लांब करतो. अधू असेल तर मिशा टेकल्यावरच. ऐकण्यासाठी साधारण दहा सेंटिमीटर अंतरावर क्लिकर तीनदा वाजवायचा. दचकला का, निदान कान हलला का?

तीच ती कामं ऐंशी उंदरांवर केल्यावर मनगट दुखायला लागतं, हे कुठल्याही शोधनिबंधाच्या पद्धती विभागात लिहिलेलं नसतं.

गुणांची बेरीज कशी करतात? एक उदाहरण द्या.

समजा २६ महिन्यांची एक मादी आहे. शेपूट पूर्ण ताठ: १. क्लिकरला काहीच प्रतिसाद नाही: १. केस थोडे पिकलेले, लोकर जराशी विस्कटलेली, मिशा विरळ, पोक थोडं, चाल डुलती, पकड सैल, मोतीबिंदू सुरू झालेला, नजर मंद, पापणी कधी मिटते कधी नाही, अंगावरचं मांस उतरलेलं: या दहा गोष्टींचे प्रत्येकी ०.५, म्हणजे ५. वजनाचे ०.५ आणि तापमानाचे ०.२५. एकूण ७.७५. भागिले ३१ म्हणजे ०.२५.

तुलनेसाठी: चारपाच महिन्यांच्या निरोगी उंदराचा आकडा साधारण ०.१ च्या आत असतो, अडीच वर्षांच्या उंदरांचा ०.३ च्या आसपास. माणसांत ०.२५ च्या पुढे गेलं की बरेच अभ्यासक 'फ्रेल' म्हणतात. ती रेघ उंदरांवर ओढायचा मोह टाळा. अखंड आकडा हाताशी असताना त्याचे 'फ्रेल' आणि 'धडधाकट' असे दोन ढीग करणं म्हणजे माहिती हाताने फेकून देणं.

वजन आणि तापमानाला पाव-पाव गुण का?

कारण ते डोळ्याने ठरवायचे नसतात. त्याच स्ट्रेनच्या (म्हणजे वाणाच्या), त्याच लिंगाच्या तरुण प्रौढ उंदरांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) आधी काढून ठेवतात. सरासरीपासून एका प्रमाण विचलनाच्या आत असेल तर ०, पुढे प्रत्येक विचलनामागे ०.२५, आणि तीनच्या पलीकडे १. तफावत कुठल्या दिशेची आहे ते बघत नाहीत. खंगलेला आणि सुटलेला, दोघांनाही गुण बसतात. इथे चूक होते ती संदर्भ गटाची. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या तरुण उंदरांची सरासरी उसनी घेऊ नका. खाणं वेगळं, खोलीचं तापमान वेगळं, म्हणजे वजनही वेगळं.

एखादी बाब तपासता आली नाही तर?

तिला ० देऊ नका. भाजकातून काढून टाका. वरच्याच मादीच्या मिशा पिंजऱ्यातल्या दांडगीने कुरतडल्या असतील (माद्यांमध्ये हे नेहमीचं आहे, एक जण बाकी सगळ्यांचं न्हाव्याचं काम करत असते), तर तो म्हातारपणाचा परिणाम नाही. मिशांची बाब वगळली की ७.२५ भागिले ३०, म्हणजे ०.२४. फरक किरकोळ आहे. पण एका गटात एक न्हावीण असेल आणि दुसऱ्या गटात नसेल तर तो किरकोळ राहत नाही.

नरांच्या बाबतीत हेच मारामारीच्या जखमांचं. शेपटीवर आणि पाठीच्या खालच्या भागावर चावे दिसले तर त्वचारोग म्हणून लिहू नका.

कुठल्याही स्ट्रेनला ही यादी चालते का?

चालते म्हणतात, पण डोळे उघडे ठेवून. यादी मुख्यतः सी५७ ब्लॅक ६ या काळ्या उंदरांवर बसवली आहे. वार्धक्याच्या अभ्यासात सगळीकडे हेच असतात. आता पांढऱ्या बाल्ब/सी उंदराचे केस पिकले की नाही ते तुम्ही सांगणार कसं? सी३एच या स्ट्रेनमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे उंदीर लहानपणीच आंधळे होतात, तेव्हा नजर आणि पापणी या दोन्ही बाबी गेल्या. खुद्द ब्लॅक ६ सुद्धा साधा नाही. कानातल्या एका प्रथिनाच्या जनुकात बदल असल्यामुळे तो तरुण वयातच ऐकू येणं गमवायला लागतो, आणि काही पिल्लं जन्मतःच एक डोळा बारीक घेऊन येतात. खाजेच्या जखमा तर या स्ट्रेनची खासियतच.

रॉकवुड यांच्याच गटाने २००८ मध्ये निर्देशांकाच्या यादीत काय घ्यावं याचे नियम लिहिले. बाब आरोग्याशी निगडित असावी, वयाबरोबर वाढणारी असावी, फार लवकर सगळ्यांमध्येच येऊन बसणारी नसावी, शरीराच्या अनेक संस्था यादीत याव्यात, आणि बाबी निदान ३० च्या आसपास असाव्यात. 'फार लवकर सगळ्यांमध्ये येऊन बसू नये' हा नियम ब्लॅक ६ च्या कानांना लावून पाहा. दोन वर्षांनी सगळेच बहिरे असतील, तर ती बाब कुणातलाच फरक दाखवत नाही. तरी यादीत आहे. काढली नाही याला माझ्या मते शास्त्रीय कारणापेक्षा सवयीचं कारण जास्त आहे, पण सगळ्यांनी एकच यादी वापरावी या मुद्द्यातही दम आहे.

आम्ही दोघांनी तोच उंदीर तपासला आणि गुण वेगळे आले. कोण चुकलं?

बहुतेक दोघंही, थोडे थोडे. या पद्धतीवरचा सगळ्यात खरा आक्षेप हाच आहे. '०.५' हे मधलं घर म्हणजे 'थोडंसं', आणि तुमचं थोडंसं माझ्या थोड्याशाशी जुळेलच असं नाही. ज्याने आयुष्यात फक्त तरुण उंदीर पाहिलेत त्याला एक वर्षाच्या उंदराचं पोक 'पूर्ण' वाटतं. ज्याने तीन वर्षांचे पाहिलेत तो त्याच पोकाला ० देतो.

हा प्रश्न हाउलेट यांच्या गटाने आणि इतरांनीही तपासून पाहिला आहे. एकत्र बसून, न जुळलेल्या बाबींवर बोलून पुन्हा तपासलं की दोन व्यक्तींचे आकडे चांगले जुळतात. म्हणजे हे काम शिकण्यासारखं आहे, पण एकट्याने वाचून शिकण्यासारखं नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी आणि एक सहकारी महिनाभर वेगवेगळे गुण देत होतो आणि दोष यादीला. शेवटी समोरासमोर बसून एकेक बाब पाहिली तेव्हा कळलं, तो लोकर बघताना पिंजऱ्यावरचा दिवा लावायचा, मी नाही. तेलकट लोकर त्याला चकचकीत दिसत होती.

दोन गोष्टी मात्र चर्चेच्या पलीकडच्या आहेत. तपासणाऱ्याला उंदराचं वय आणि गट माहीत नसावा. वय लपवणं कठीण, म्हातारा उंदीर लपत नाही. पण औषध कुणाला आणि नुसतं पाणी कुणाला, हे लपवता येतं आणि लपवायलाच हवं. आणि एका अभ्यासात तपासणारी व्यक्ती मध्येच बदलायची नाही. त्यातही मॅकगिलच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की पुरुषांच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो, इतका की त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. तेव्हा एप्रिलपर्यंत सुनीता आणि मे महिन्यापासून संदीप असं वेळापत्रक असेल, तर मे महिन्यातला बदल औषधाचा की संदीपचा?

मग माणसाला काढून कॅमेराच का लावत नाहीत?

लावलाय. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी आहे. १९२९ पासून उंदरांचंच काम. तिथल्या विवेक कुमार यांच्या गटाने २०२२ मध्ये एक पद्धत मांडली. उंदराला मोकळ्या चौकोनी पेटीत सोडायचं, वरून व्हिडिओ घ्यायचा, आणि संगणकाने चाल, पावलांची लांबी, कण्याची लवचीकता असल्या गोष्टींवरून निर्देशांकाचा अंदाज बांधायचा. संगणकाला शिकवलं ते हाताने दिलेल्या गुणांवरच. त्यामुळे हातवाले लगेच बेकार होत नाहीत, पण शेकडो उंदीर असतील तर हाच रस्ता.

माझं मत विचाराल तर कॅमेरा चालीचा राजा आहे. मोतीबिंदू आणि पोटातली गाठ त्याला वरून दिसत नाही.

यावरून उंदीर किती जगणार ते सांगता येतं?

काही प्रमाणात. हार्वर्डमध्ये डेव्हिड सिंक्लेअर यांच्या प्रयोगशाळेत ॲलिस केन आणि सहकाऱ्यांनी ६० नर ब्लॅक ६ उंदरांची वयाच्या सुमारे २१ महिन्यांपासून मरेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासणी केली. २०२० मध्ये त्यावरून दोन 'घड्याळं' प्रसिद्ध झाली. एक गुणांवरून वय ओळखतं, दुसरं उरलेलं आयुष्य. त्यांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून नावं केलीत 'फ्राइट' आणि 'अफ्रेड'. दोन्हींचा अर्थ भीतीशीच. उरलेल्या आयुष्याच्या घड्याळाला असलं नाव देणाऱ्यांची विनोदबुद्धी मला पसंत आहे.

किती वयापासून आणि किती वेळा तपासावं?

उंदराचा दीड ते दोन वर्षांचा काळ म्हणजे माणसाची साधारण ५६ ते ६९ वर्षं. गाडी खऱ्या अर्थाने उताराला लागते ती इथून पुढे. निर्देशांक सरळ रेषेत चढत नाही, उत्तरोत्तर वेगाने चढतो. उपचार सुरू करण्याआधी एकदा तपासा आणि त्या गुणांनुसार गट समतोल पाडा. नुसती चिठ्ठी टाकली आणि थकलेले सगळे एका बाजूला गेले तर दोन वर्षं पाण्यात. त्यानंतर महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासलं तरी पुरतं. रोज तपासाल तर क्लिकरला उंदीर सरावतो आणि तुम्ही बहिरा लिहून मोकळे व्हाल.

वेळ पाळा. उंदीर निशाचर आहे, दुपारी दोनला तो तुमच्या-आमच्या मध्यरात्रीत असतो. नेहमी त्याच वेळी तपासा.

औषधाने फ्रेल्टी कमी होते का?

उंदरांत, हो, काही गोष्टींनी. कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलेल्या उंदरांचे गुण चांगले राहतात. हाउलेट यांच्या गटाने २०१९ मध्ये एनालाप्रिल दिलेल्या उंदरांत फ्रेल्टी हळू वाढल्याचं दाखवलं. हीच ती रक्तदाबाची जुनी गोळी, तुमच्या घरातही कुणी घेत असेल. कॅलिफोर्नियातल्या बक इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये अल्फा-कीटोग्लुटारेट हे शरीरातही तयार होणारं एक द्रव्य खायला दिलं तेव्हा आयुष्य थोडंसं वाढलं, पण थकलेपणाचा काळ त्याहून बराच आक्रसला. मला ही बातमी आयुष्य वाढवण्याच्या बातमीपेक्षा मोठी वाटते. अडीच वर्षांऐवजी पावणेतीन वर्षं कोपऱ्यात पोक काढून बसण्यात काय हशील?

उलट दिशेचंही काम आहे. सिडनी विद्यापीठात सारा हिल्मर यांच्या गटाने म्हाताऱ्या माणसांसारखीच एकदम अनेक औषधं उंदरांना दीर्घकाळ दिली. गुंगी आणणाऱ्या, तोंड कोरडं पाडणाऱ्या औषधांचा भार जास्त असलेल्यांची फ्रेल्टी वाढली.

पण हे वाचून घरच्या कुणाच्या गोळ्या बदलू किंवा बंद करू नका. बाबांच्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "यातली कुठली अजून लागते?" एवढं विचारा.

नर आणि मादी यांच्यात फरक पडतो का?

पडतो, आणि स्ट्रेनगणिक वेगळा पडतो. माणसांत बायकांचा निर्देशांक पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि तरी त्या जास्त जगतात. याचं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही. जुने बरेच अभ्यास फक्त नरांवर झाले. नवीन करणार असाल तर दोन्ही घ्या आणि सरासरी एकत्र करू नका.

आमच्या गटाची सरासरी फ्रेल्टी शेवटी शेवटी कमी झाली. औषध लागू पडलं ना?

आधी मेलेले मोजा. सगळ्यात थकलेले उंदीर आधी जातात, मग उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते. वर्गातली नापास मुलं शाळा सोडून गेली की निकाल वर जातो, तसंच. प्रत्येक उंदराची स्वतःची रेघ काढून बघा, आणि मृत्यूचा हिशेब त्याच विश्लेषणात घ्या. हा धडा मी एका सांख्यिकीवाल्या मित्राकडून चहाच्या टपरीवर घेतला, लेख पाठवायच्या आदल्या दिवशी. लेख त्या दिवशी गेला नाही.

उंदरांना याचा त्रास होतो का? परवानगी लागते का?

तपासणीत सुई नाही, कापाकापी नाही. पण पकडणं हाच ताण आहे. शेपटीला धरून उचलण्यापेक्षा ओंजळीत किंवा नळीतून घेतलेले उंदीर माणसाला कमी घाबरतात, हे लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. जिथे यादीसाठी शेपूट धरावीच लागते तिथेच धरा, एरवी ओंजळ.

परवानगी लागते. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय समिती आहे आणि प्रत्येक संस्थेची स्वतःची नीतिसमिती. नुसतं 'निरीक्षण' म्हणून सुटका होत नाही. या यादीचा एक फायदा समित्यांनाही कळायला लागलाय: उंदीर कधी इतका खालावला की त्याला आणखी जगवणं म्हणजे छळ, हे ठरवायला महिन्या-महिन्याचे गुण हाताशी असतात. वजन, अंगावरचं मांस, चेहरा, श्वास हे सगळं एकदम ढासळलं तर पुढच्या मोजणीची वाट बघायची नाही.

रॅटचं काय? कुत्र्यांचं?

दोघांसाठीही याद्या बसवल्या गेल्यात. रॅटमध्ये मुख्यतः फिशर ३४४ या स्ट्रेनवर काम झालं आहे. उंदरांवरून रॅटवर येणाऱ्यांना एक सूचना: डोळ्यांभोवती लाल कड दिसली तर रक्त समजून घाबरू नका. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं ते लालसर द्रव्य आहे, आजारपणात आणि ताणात वाढतं. गुण लिहा, पण जखम म्हणून नाही. कुत्र्यांचं काम मला जास्त आशादायक वाटतं, कारण ते आपल्याच घरात, आपल्याच हवेत म्हातारे होतात.

हे सगळं माणसांच्या उपयोगाचं आहे की उंदरांचंच?

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांपुढच्या ७२,००० हून जास्त लोकांची पाहणी केली. त्यात घरोघरी जाऊन हाताची पकड मीटरवर मोजली, चालायला लावलं, वजन घेतलं. त्या माहितीवरून भारतीयांचे फ्रेल्टी निर्देशांक काढले जाताहेत. हिशेब तोच, हॅलिफॅक्सचा. जाळीला धरून लटकणारा उंदीर आणि पकडीचा मीटर आवळणाऱ्या आजी, दोघांचा आकडा ० ते १ च्या मध्येच कुठेतरी पडतो. म्हणून तर त्यांची तुलना करता येते.

उंदरांना नावं ठेवता का?

नाही. कानातल्या टॅगवर नंबर असतो, आणि तपासताना मी तोही बघत नाही. लिहून घेणारा बघतो. नंबर दिसला की मागच्या महिन्यातला गुण आठवतो, आणि आठवला की हात आपोआप तोच गुण देतो. तरी काही उंदीर न बघताच कळतात. सध्या एक नर आहे, शेपटीच्या टोकाला जन्मापासून गाठ आहे, बोटाला लागली की कोण ते समजतं. त्याची तपासणी माझा सहकारी करतो.